ऊटा आतेन, आक्का?

आक्का, तुझ्या बाराव्याला येळ्ळूरच्या तुझ्या दारात मला ज्यानं त्यानं एकच विचारलं, "तुम्ही कोण?" प्रश्न सरळ होता. भावकीतली म्हणावं तर मी निपाणीकडची जैन. तू कामाला होतीस त्या कँटीनमधली म्हणावं तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीच्या फाटकातून मी कधी पाऊल टाकलेलं नाही. मी तुझी कोण हे सांगायचं तर आधी मला काय झालंय ते सांगावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, "ओळखीची." इतकी वर्षं रोज तुझा आवाज ऐकला, आणि शेवटी ओळखीची. तू असतीस तर तिथल्या तिथे माझी फिरकी घेतली असतीस.

नळापाशी ताटं विसळत दोघी बायका कुजबुजत होत्या. "त्यानंच गेली असणार. लपवलं असंल." तुझ्या घरच्यांना तू आजाराचं कधीच सांगून टाकलं होतंस, आणि घरातली गोष्ट गावात जायला कितीसा वेळ लागतो. माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचून त्यांच्या शेजारी बसले, एक ताट ओढून घेतलं आणि म्हटलं, "हार्ट अटॅकनं गेल्या त्या. सकाळची बस धरायला निघालत्या, वाटेतच."  तुझ्या रक्तात विषाणू तपासणीलाही सापडत नव्हता, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तू ठरवायचं होतंस. पण राग अजून गेलेला नाही. एवढी नेटानं जगलीस, आणि मेल्यावर लोकांनी तुझं मरणसुद्धा त्या आजाराच्या नावावर लावावं, हे मला सहन होत नाही.

आपली गाठ पडली ती बेळगावच्या सरकारी दवाखान्यातल्या लांब बाकावर. घराजवळ गोळ्या मिळत असताना मी मुद्दाम बस बदलून तिथवर यायची, कारण ओळखीचं कुणी भेटू नये. त्या बाकावर सगळेच ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आलेले. माना खाली, तोंडावर रुमाल. तू एकटी लग्नाला आल्यासारखी बसली होतीस, मांडीवर डबा उघडून शेजारणीला विचारत होतीस, "चटणी घेतीस काय? तिळाची हाय."

मग तुला आत बोलावलं. दार उघडंच होतं. सल्ला द्यायला बसणाऱ्या मॅडम कानडी, भल्या बाई, पण मराठी जेमतेम. त्यांनी आमच्या भागात कुणीही कुणाला विचारतं तसं पहिल्यांदा विचारलं, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. तू कन्नडला आयुष्यभर चार हात लांब ठेवलेली. तुला त्यातला शेवटचा तुकडा तेवढा ऐकू आला. तू पोटावर हात ठेवून म्हणालीस, "आत. कवाच आत. पाण्यासंगट आत."

मॅडमना वाटलं बाई कन्नड बोलली, कारण कन्नडात आमच्याकडे ‘आत’ म्हणजे झालं. तुला वाटलं मॅडम मराठी बोलल्या आणि विचारतायत, गोळी आत गेली काय. दोघी एकमेकींवर बेहद्द खूश. आणि बाकावर मी, जिला दोन्ही भाषा येतात, तोंडाला पदर लावून हसत होते. त्या बाकावर बसून मला हसू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तू मलाच धरलंस. "काय गं, हसतीस कशाला?" मी समजावून सांगितलं. "म्हंजे मी कन्नड बोललो?" तुझा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. (आपल्याकडे बायकाही ‘बोललो, गेलो’च म्हणतात, शाळेत बाईंनी किती ओरडून सांगितलं तरी.) सीमाप्रश्नाच्या सभेला पहिल्या रांगेत बसणारी तू, कंडक्टर मराठीत बोलल्याशिवाय तिकिटाला हात न लावणारी तू. मग म्हणालीस, "आत आमचंच हाय. तेंचं बी असंल तर असू दे."

त्याच दिवशी तू माझा नंबर घेतलास. मॅडमनी दोघींनाही सांगितलं होतं की घरात रोज विचारणारं कुणीतरी असू द्या. तुझ्या घरी होतं. तू पोळपाटापाशी बसल्या बसल्या, लाटणं हातात ठेवून मुलाला आणि सुनेला सांगून मोकळी झाली होतीस, आणि वर म्हणाली होतीस म्हणे, "माझं ताट येगळं केलासा तर त्याच ताटात तुमास्नी वाढीन." माझ्या घरी मी आणि अत्ती. अत्ती म्हणजे सासूबाई. आमच्या दोघींच्या घरात तिसरं कुणी नाही. अत्तींना एवढंच माहीत होतं की त्यांचा अजित, माझा नवरा, काविळीनं गेला. अजितनं दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, आईला कळू देऊ नको. मी हो म्हटलं होतं. मग माझ्या आजाराचं त्यांना कसं सांगणार? माझं सांगितलं की त्याचं आलंच.

"मग मी इचारीन," तू म्हणालीस. "कन्नडातनं इचारीन, म्हंजे कुणाला कायबी कळणार न्हाय."

आक्का, कुणाला काही कळणार नाही असं कन्नड तू निवडलंस आणि फोन केलास जैनाच्या घरात, जिथे अत्तींना मराठीपेक्षा कन्नड जास्त येतं. त्यात वेळ निवडलीस दिवेलागणीनंतरची. मी मंदिरात आरतीला गेलेली. फोन अत्तींनी उचलला. तू जोरात विचारलंस, "ऊटा आतेन?" आमच्यात सूर्य बुडल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही, आणि इथे कुणी परकी बाई अंधार पडल्यावर ऊट विचारते. अत्तींनी तुला धर्म काय, आचार काय, रात्रीचं जेवण का वर्ज्य, सगळं एका दमात कन्नडातून ऐकवलं. तू घाबरून "आत, आत" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तुझा पाढा: "तुझी सासू मला पुराण सांगितली गं. एक अक्षर कळंल तर शपथ." आणि अत्ती आठवडाभर धुमसत होत्या, "कोण बाई हाय ती? जैनाच्या घरात रात्री ऊट इचारतीया, वर आत, आत म्हणतीया. जेवली बी म्हणं." मी दोन्हीकडून ऐकत होते आणि आमच्या पिठाच्या गिरणीत जाऊन एकटीच हसत होते.

मग तू वेळ बदललीस. दिवस मावळायच्या आधी, तुझी शिफ्ट सुटल्यावर, उद्यमबागेच्या बसथांब्यावरून. तुझ्याकडे ट्रकचे हॉर्न आणि मोटारसायकली, माझ्याकडे पिठाच्या गिरणीचा पट्टा. दोघींना ओरडूनच बोलावं लागायचं. "ऊटा आतेन?" "आत." डबे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं कुणीतरी दळणाचं विचारतंय. गोळ्यांची बाटली मी गिरणीतच ठेवायची, लेबल काढून, खुळखुळू नये म्हणून तोंडाशी कापूस घालून. पिठाचा हात झटकायचा, गोळी टाकायची, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि फोन कानाला लावायचा. एवढ्यात तुझी बस यायची.

तुला वाटत असेल मी नेहमी गुणाची होते. नव्हते. सुरुवातीच्या गोळीनं मला घेरी यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची, सकाळी उठून गिरणी सुरू करायला जीव नको व्हायचा. तेव्हा मी म्हटलं होतं, "आक्का, मी सोडते. रोज रोज हे कोण करणार?" तू बसथांब्यावरून म्हणालीस, "भाकरी बी रोजच लागती की. म्हणून भाकरीवर रुसलीस काय कवा?" आणि पुढच्या खेपेला माझ्याबरोबर डॉक्टरांसमोर उभी राहिलीस. "हिला घेरी येतीया. बदलून द्यायचं असंल तर द्या, न्हायतर किती दिसांनी थांबंल ते सांगा, पन ‘घेत जा’ असं नुसतं सांगू नका." डॉक्टरांनी नीट समजावलं, घेरी कमी झाली, पुढे गोळीही बदलली. त्या दिवशी मी एकटी असते तर मान हलवून परत आले असते आणि बाटली ओढ्यात टाकली असती.

कधी कधी तुझा रागही यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "मी काय लहान पोर आहे, रोज विचारायला?" तू शांतपणे म्हणालीस, "न्हाईस. म्हणून तर इचारतोय. ल्हान पोरास्नी आई गिळवती." आणि फोन ठेवलास. त्या दिवशी गोळी घेतली तरी ‘आत’ म्हणायचं राहूनच गेलं.

आपलं खरं भांडण दर वर्षी एकाच वेळेला व्हायचं. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व असतं, आणि शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, मी उपास धरते. आमचा उपास म्हणजे पाणीही नाही. तू कपाळाला हात लावायचीस. "आमच्या उपासाला साबुदाणा चालतोय, शेंगदाणं चालत्यात, बटाटं चालत्यात. तुझ्या देवाला एवढीशी गोळी चालंना व्हय? रागावतोय काय?"

"आमच्यात देव रागावत नाही, आक्का. व्रत माझं असतं."

"मग रागावणारं कुणीच न्हाय तर भ्यायचं कुणाला?"

अत्तींना, आणि ते तुला माहीत होतं. त्या दिवशी मी गिरणीच्या कोपऱ्यात जाऊन चोरून गोळी घ्यायची, वर घोटभर पाणी. बाहेर येऊन अत्तींसमोर कोरड्या ओठांनी बसायची. रात्रभर वाटायचं, उपासही खोटा आणि मीही खोटी. तुला सांगितलं तर तू म्हणायचीस, "गोळीला काय, चोरून गिळली तरी लागू पडती. तुलाच लागू पडत न्हाय. सांग की सासूला." मी म्हणायची, अजितला शब्द दिलाय. आणि मग तू एकदा ते बोललीस, जे मला झोंबलं: "गेलेल्या मानसाची लाज तू किती दिस संबाळणार? मी काय जन्मभर पुरनार हाय तुला?"

तुझ्या शेवटच्या फोनवरसुद्धा हाच विषय. "ऊटा आतेन?" "आत." मग तू म्हणालीस, "पर्व जवळ आलं गं. यंदा सांगणार काय?"

मी म्हटलं, "आक्का, बस चुकंल तुझी."

"बस दुसरी येती. तू सांग."

मी म्हटलं करंट गेला, गिरणी बंद पडली, बघते. करंट गेला नव्हता. तुझ्या मागे बसचा ब्रेक वाजला, तुझं कुणाला तरी "थांबा वो" म्हणणं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी गोळी हातावर घेऊन वाट पाहिली. ऊन उंबऱ्यावरून सरकत गेलं. सूर्य बुडायला आला तेव्हा मीच फोन लावला. तुझ्या सागरनं उचलला आणि म्हणाला, "आई सकाळी गेली." मी फोन ठेवला. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि गिरणीच्या पट्ट्याकडे बघून ‘आत’ म्हटलं. पट्टा फिरत होता. दळणाला आलेली बाई म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

पुढचे दिवस मी गोळी घेत राहिले, पण मन लागेना. वेळ घसरायला लागली. एका संध्याकाळी बाटली उघडली आणि मनात आलं, नाही घेतली तर कोण विचारणार आहे? मी ती गोळी घेतली, आक्का. पण तो विचार आला ही गोष्ट खरी, आणि मी त्याला घाबरले. अजितचंही असंच सुरू झालं होतं. एक दिवस राहिली, मग दोन, मग बाटलीच कपाटामागे गेली.

बाराव्याला आले ती या मनःस्थितीत. निघताना सागर मला बाजूला घेऊन गेला, हातात तुझा फोन. "मावशी, ‘कांदा’ म्हंजे तुमीच काय?"

जन्मात कांद्याला हात न लावणाऱ्या बाईला तू फोनात ‘कांदा’ म्हणून ठेवलं होतंस. त्या दुःखातसुद्धा मला हसू फुटलं. सागर म्हणाला, "तुमचाच एक फोन न्हाय. आई गेली त्या दिवशी सांजच्याला फोन वाजायचा थांबंना. दोडका, मेथी, गवारी. उचलला की पलीकडनं एक बाई म्हणायची ‘आत’, आनि ठेवायची. अजून येत्यात. आत म्हंजे काय वो? आईला तर कन्नड येत न्हवतं."

मला वाटायचं तू माझी एकटीची होतीस. तू सगळी भाजीमंडई सांभाळत होतीस आणि मला कधी पत्ता लागू दिला नाहीस. तसाच माझा पत्ता त्यांनाही लागू दिला नसणार. मी सागरला म्हटलं, "जेवण झालं काय, ते विचारायची ती."  त्याला आईचा आजार माहीत होता. बाकीचं त्याला कळलं असावं. "ह्यो नंबर बंद करू नको," मी म्हटलं. त्यानं फोन माझ्या हातात दिला. "मग तुमीच ठेवा, मावशी. मला ह्या वाजण्याचं काय करायचं कळत न्हाय."

निपाणीच्या बसमध्ये तो माझ्या मांडीवरच वाजला. मी उचलला. "आत," एक बाई म्हणाली. मी म्हटलं, "आक्का गेली. पण मी विचारीन." पलीकडे रडू फुटलं. एकामागून एक सगळ्यांना असं सांगावं लागलं. तुझ्या नावानं फोन गेला की एकीला तर घाम फुटला म्हणे. पण ‘मेथी’ अडून बसली. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला आहे, वयानं माझ्या निम्मी. तिनं विचारलं, "तुमी कोण?" पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, तुझ्यासारखीच. ती म्हणाली, "तुमच्या घरात ठावं हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मला काय सांगताय? आक्काच्या घरात ठावं होतं, म्हणून तिचं ऐकायची. आता आक्का न्हाय आनि गोळी बी न्हाय." आणि फोन ठेवला.

तिनं खरंच सोडली होती. मी चार संध्याकाळी फोन लावला, तिनं उचलला नाही. पाचव्या दिवशी अत्ती गिरणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ह्यो दुसरा फोन कुणाचा? कोण बायका ह्या? आत, आत काय चाललंय?" तेव्हा कळलं की आता तुझं ऐकायचं की तुझा फोन बंद करायचा, दोनच वाटा आहेत. फोन बंद केला तर मेथी गेली, आणि तिच्या मागून कधीतरी मीही.

मी गिरणी थांबवली. दळण अर्धं राहिलं. त्यांना पाटावर बसवलं आणि म्हटलं, "अत्ती, अजितला कावीळ नव्हती."

सगळं सांगितलं. त्याचं आणि माझं.  मग अत्ती उठल्या, चप्पल घातली आणि मंदिराकडे गेल्या. परतल्या तेव्हा सूर्य बुडाला होता, म्हणजे त्या संध्याकाळी त्यांच्या पोटात काही गेलं नाही. बोलायचं ते आमच्याकडे माणसं उपाशी राहून बोलतात. मीही जेवले नाही. पण गोळी वेळेवर घेतली होती, आक्का, एवढं तुला सांगते.

सकाळी त्या चुलीपाशी येऊन बसल्या. "तुला बी हाय. आनि तू तर बरी दिसतीस."

"गोळी चालू आहे म्हणून."

"त्येला गोळी न्हवती?"

"होती. घ्यायचा नाही. कुणी बघंल, आईला कळंल, म्हणून लपवायचा, आणि लपवता लपवता राहूनच जायची."

अत्तींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "मला सांगितला असता तर मी गिळवली असती."

मला तुझं ‘ल्हान पोरास्नी आई गिळवती’ आठवलं आणि मी रडले. त्याही रडल्या. अजित गेल्यावर आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो. एका चुलीपाशी पहिल्यांदाच. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आनि ती? रात्रीचं ऊट इचारणारी?" मी म्हटलं, "तीच आक्का. गेली ती." त्या म्हणाल्या, "लई बोललो गं मी तिला." मी म्हटलं, "तिला कळलंच नाही. तिला कन्नड येत नव्हतं." तेव्हा अत्ती जे हसल्या, ते तू ऐकायला हवं होतंस. रागावलेल्या अत्ती तुला माहीत आहेत. हसलेल्या राहून गेल्या.

सगळं काही गोड झालं असं समजू नकोस. दोन दिवस त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्यावर राग होता की अजितवर, त्यांनाही ठरवता येत नसावं. एकदा माझा तांब्या त्यांनी बाजूला सरकवला, मग स्वतःच परत ओढून त्यातून पाणी प्यायल्या.  त्यांना वेळ लागणार आहे आणि मला तो द्यायचा आहे.

मी मेथीला पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला. मी म्हटलं, "आता माझ्या घरात ठावं हाय." तिच्या मागे यंत्राचा आवाज. मग म्हणाली, "काय म्हटली सासू?" मी सांगितलं, तांब्याचंसुद्धा सांगितलं. तिनं फक्त "बरं" म्हटलं. दोन दिवसांनी ती आणि मी त्या बाकावर भेटलो. मॅडम तिला रागे भरल्या नाहीत. पुन्हा तपासण्या लिहून दिल्या, पुन्हा सुरू केलं. मी डबा नेला होता. तिळाची चटणी, तुझ्यासारखी नाही जमली, लसूण चालत नाही आमच्यात. ती म्हणाली, "फिकी हाय." पण खाल्ली.

मग अनंत चतुर्दशी आली. आदल्या दिवशी मी अत्तींना सांगितलं, उपास धरणार, पण गोळी आणि त्यापुरतं पाणी घेणार. त्या म्हणाल्या, "मग नियम घेतानाच तसं म्हण. औषधापुरती मोकळीक ठेवून नियम घेत्यात की. चोरून कशाला?" इतकी वर्षं आपण भांडलो आणि उत्तर माझ्याच घरात, माळ्यावरच्या पाटासारखं पडून होतं. तुझं म्हणणं खरं ठरलं, आक्का. हे तुझ्या तोंडावर कबूल करायला मिळालं नाही, एवढीच चुटपुट आहे.

उपासाच्या दिवशी दिवसभर मंदिरात होतो. दिवस कलल्यावर घरी आलो. शेजारच्या बायकाही सोप्यात टेकल्या होत्या, सगळ्यांची तोंडं सुकलेली. गिरणी बंद होती. तुझा फोन माझ्या मांडीवर. ऊन उंबऱ्याशी आलं तसं अत्ती आतून आल्या, हातात उकळून गाळलेल्या पाण्याचा पेला आणि कापूस काढलेली बाटली. सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "पद्मा, ऊटा आतेन?"

शेजारीण हसली. "काकू, आज कुणाचं ऊट? वय झालं तुमचं." अत्तींनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी बाटली उघडली, गोळी घेतली, पाणी प्यायले.

आत, आक्का. तू आता बस धर.